हिरडा, हळद आणि विरलेला चुना

दाताच्या मुळावरचा उपचार, म्हणजे आपण सगळे ज्याला रूट कॅनाल म्हणतो तो, एका बैठकीत संपला नाही तर मधल्या दिवसांत दाताच्या पोकळीत एक औषध भरून ठेवतात. ते औषध आणि त्याआधी पोकळी धुण्यासाठी वापरलेलं द्रावण, दोन्हींचं काम एकच: जंतू मारणं. ही औषधं रासायनिक असावीत की वनौषधींपासून केलेली, आणि या दोहोंची तुलना आजवर कशी झाली आहे, एवढाच या पुस्तिकेचा विषय आहे. विषय छोटा वाटला तरी त्याच्या दोन्ही अंगांना श्रद्धा आहे, शिकवण आहे आणि बाजारही आहे. म्हणून मूळ मजकुराआधी थोडं सविस्तर बोलायला हवं.

मी बेंगळूरुच्या सर्जापूर रोडवर दवाखाना चालवते. कोरमंगलातल्या सेंट जॉन्स रुग्णालयापासून अगरा, इब्लूर, कैकोंड्रहळ्ळी, दोड्डकन्नेल्ली, दोम्मसंद्र असा हा रस्ता सर्जापूर गावाकडे जातो. माहिती तंत्रज्ञानाच्या नोकऱ्यांमागे इथे आलेल्या कुटुंबांत मराठी घरं पुष्कळ आहेत. पुण्याची, नागपूरची, कोल्हापूरची, बेळगावची. उपचार समजावून सांगताना या घरांतून हमखास एक प्रश्न येतो: ‘डॉक्टर, आत भरायचं औषध आयुर्वेदिक नाही का मिळत?’ विचारणारा माणूस अडाणी नसतो. दाढ ठणकली की लवंगेच्या तेलाचा बोळा, हिरड्या सुजल्या की हळद-मीठ, सकाळी बाभळीची नाहीतर कडुनिंबाची काडी, हे त्याने घरात पाहिलेलं असतं. शिवाय त्रिफळा एखाद्या रसायनाइतकीच प्रभावी ठरल्याची बातमी त्याने फोनवर वाचलेली असते. प्रश्न प्रामाणिक आहे. त्याला ‘असलं काही नसतं’ असं तुटक उत्तर देणं मला पटत नाही, आणि ‘हो, मिळतं की’ म्हणून गिऱ्हाईक खूश करणं तर मुळीच पटत नाही.

माझं उत्तर आधीच सांगते. पोकळी धुण्याच्या सोडियम हायपोक्लोराइटच्या किंवा मध्ये भरायच्या कॅल्शियम हायड्रॉक्साइडच्या जागी रुग्णाच्या दातात खात्रीने घालावी, अशी एकही वनौषधी आज माझ्या टेबलावर नाही. तरीही वनौषधींवरचं संशोधन चालू राहावं, आणि आज होतं त्यापेक्षा कितीतरी कडक व्हावं, असं मला मनापासून वाटतं. या दोन्ही गोष्टी मी एकाच वेळी का म्हणते, ते पुढे यायचं आहे.

आधी शत्रू कुठे दडलेला असतो ते पाहू. कीड खोल गेली की दाताच्या आतला मऊ भाग, म्हणजे नस आणि रक्तवाहिन्यांचा गाभा, हळूहळू मरतो. तिथलं रक्त थांबतं. म्हणूनच दुकानातून आणलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्यांनी सूज तात्पुरती ओसरली तरी दात बरा होत नाही. जिथे रक्त पोचत नाही तिथे रक्तातलं औषध पोचणार कसं? या मेलेल्या गाभ्यात जंतू घर करतात आणि मुळाच्या टोकाशी हाड पोखरायला लागतात. हे सगळं जंतूंमुळेच होतं, हे १९६५ साली काकेहाशी, स्टॅन्ली आणि फिट्झजेराल्ड या तिघांनी उंदरांवर दाखवून दिलं. जन्मापासून जंतुमुक्त वातावरणात वाढवलेल्या उंदरांच्या दातांचा गाभा उघडा पाडला, तरी तो मेला नाही, उलट त्यावर नवा थर धरला. साध्या उंदरांचा गाभा मात्र सडला. जखम सारखीच होती, फरक फक्त जंतूंचा. मुळांच्या उपचाराचं सगळं शास्त्र त्या प्रयोगाच्या पायावर उभं आहे.

आता खुर्चीपाशी या. खालच्या दाढेवर रबर डॅम, म्हणजे रबराचा पातळ पडदा चढवलेला आहे, लाळ आत येऊ नये म्हणून. दाढेला भोक पाडलं की कुजका दर्प येतो; हवेविना जगणाऱ्या जंतूंचा तो वास, ज्याने एकदा घेतला तो विसरत नाही. दहा नंबरची फाइल आत सरकते, टोकाशी तिची जाडी ०.१० मिलिमीटर. एकामागून एक जाड फाइली वापरून नळी रुंद करायची, प्रत्येक फाइलनंतर हायपोक्लोराइटने धुवायची, शेवटी ईडीटीएच्या द्रावणाने भिंतीवरचा भुशाचा थर काढायचा, कागदी पॉइंटांनी ती कोरडी करायची आणि मग पांढरी लापशी आत फिरवून वर तात्पुरतं सिमेंट लावायचं. एवढं सगळं करूनही भिंतीचा मोठा भाग फाइलच्या हाती लागतच नाही. सूक्ष्म सीटी स्कॅनने केलेल्या अभ्यासांत नळीच्या भिंतीचा ३५ टक्के किंवा त्याहून जास्त भाग फाइलचा स्पर्शही न होता राहिलेला दिसला आहे. दाढेच्या पुढच्या मुळात तर दोन नळ्यांना जोडणारी चिंचोळी फट असते, तिथे कुठलंच हत्यार शिरत नाही. त्यापलीकडे दाताच्या भिंतीतल्या सूक्ष्म नलिका. त्यांची रुंदी दोन-तीन मायक्रॉनच्या आतबाहेर, जंतूची त्याहून कमी. जिथे हत्यार पोचत नाही तिथे औषधाने पोचावं, यासाठी औषध. त्याची निवड म्हणूनच महत्त्वाची.

आणि हे जंतू सुटे-सुटे पोहत नसतात. पाण्याच्या टाकीच्या भिंतीवर बुळबुळीत थर धरतो, तसा थर धरून ते भिंतीला चिकटतात. त्याला बायोफिल्म म्हणतात. वरच्या चिकट आवरणाने आतल्या जंतूंचं रक्षण होतं. सुट्या जंतूला मारणारं औषध थरातल्या जंतूला नुसतं चाटून जातं. एन्टरोकॉकस फीकॅलिस हा जंतू यात मोठा चिवट. उपचार करूनही पुन्हा बिघडलेल्या दातांत तो वारंवार सापडतो, आणि म्हणूनच वनौषधींच्या बहुतेक चाचण्या त्याच्यावर होतात.

रूढ औषधांचा इतिहास आपल्याला वाटतो तितका नवा नाही. पहिल्या महायुद्धात १९१५ च्या सुमारास हेन्री डेकिन यांनी सैनिकांच्या सडलेल्या जखमा धुण्यासाठी अर्धा टक्का सोडियम हायपोक्लोराइटचं द्रावण वापरात आणलं. तेच द्रावण पुढे दंतवैद्यकात आलं आणि आज अर्ध्या टक्क्यापासून सव्वापाच टक्क्यांपर्यंतच्या तीव्रतेत ते जगभर वापरलं जातं. जंतू मारता मारता ते मेलेलं मांसही विरघळवतं, आणि ही दुसरी करामत बाकीच्या द्रावणांना जमत नाही. पण ते मुळाच्या टोकाबाहेर गेलं तर काही मिनिटांत गाल सुजतो, असह्य वेदना होतात. ते निरुपद्रवी आहे, असं कोणी म्हणू नये.

दोन भेटींच्या मध्ये भरतात ती पांढरी लापशी कॅल्शियम हायड्रॉक्साइडची. १९२० मध्ये जर्मनीत हर्मान यांनी ती दातांसाठी आणली. तिचा सामू साडेबाराच्या आसपास; इतक्या तीव्र अल्कलीत जंतूचं आवरण, त्याची प्रथिनं, सगळंच मोडतं. मात्र दाताची भिंत स्वतःच ही अल्कली शोषून सौम्य करते, आणि एन्टरोकॉकस आपल्या पेशीत आम्ल ओढून घेणाऱ्या पंपाच्या जोरावर बराच काळ तग धरतो. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पद्धतशीर आढाव्याने, माणसांच्या दातांतले जंतू पूर्ण नाहीसे करण्यात या औषधाची ताकद मर्यादित आहे, असा निष्कर्ष काढला. कोक्रेन या संस्थेच्या आढाव्यांतही एका भेटीत पूर्ण केलेला उपचार आणि मध्ये औषध ठेवून केलेला उपचार, यांच्या यशात ठोस फरक आढळलेला नाही. म्हणजे रूढ औषधही परीक्षेला बसलेलं आहे आणि त्याला नेहमी पैकीच्या पैकी गुण मिळालेले नाहीत.

जपानमधल्या निगाता विद्यापीठात १९९६ मध्ये तीन अँटिबायोटिकांची लापशी पुढे आली: मेट्रोनिडाझोल, सिप्रोफ्लॉक्सासिन आणि मिनोसायक्लीन. ती जंतूंवर जबर, पण मिनोसायक्लीनने दात करडा पडतो. शिवाय सर्दी-खोकल्याला सर्रास अँटिबायोटिक घेणाऱ्या आपल्या देशात दातामागून दातात तीन-तीन अँटिबायोटिकं भरणं, हा जंतूंना निगरगट्ट करण्याचाच मार्ग आहे. क्लोरहेक्सिडीनही उपयोगी, पण हायपोक्लोराइटला भेटलं की तपकिरी साका धरतो आणि ते मांस विरघळवत नाही. वनौषधींकडे वळण्याची इच्छा या अडचणींतून आली. ती मला अतिशय रास्त वाटते.

आता या वादात सहसा लक्षात न घेतली जाणारी एक गोष्ट. ‘वनस्पती एका बाजूला आणि रसायनं दुसऱ्या बाजूला’ ही रेघ दंतवैद्यकात कधी सरळ नव्हतीच. मुळाची नळी शेवटी ज्याने भरतात तो गट्टापर्चा मलाया द्वीपकल्पातल्या झाडांचा चीक आहे. सेंट लुइसमधल्या बोमन यांनी १८६७ मध्ये तो नळीत भरला, आणि आजही तोच भरला जातो. भरलेला गट्टापर्चा पुन्हा काढायचा असेल तर तो मऊ करायला संत्र्याच्या सालीचं किंवा निलगिरीचं तेल चालतं. लवंगेतलं युजेनॉल जस्ताच्या भुकटीत कालवून केलेलं सिमेंट शंभराहून अधिक वर्षं तात्पुरत्या भरणीसाठी वापरात आहे. वाल्खोफ यांनी १८९१ मध्ये आणलेल्या जंतुनाशकात कापूर होता. आणि कॅल्शियम हायड्रॉक्साइड म्हणजे विरलेला चुना, पानाला लागतो तोच, फक्त शुद्ध आणि मोजूनमापून केलेला. आपल्याकडेही वाग्भटांच्या अष्टांगहृदयात कृमिदंताची पोकळी गुळाने किंवा मेणाने भरून डागावी, सातविणीच्या आणि रुईच्या चिकाने भरावी, असे उपाय सांगितले आहेत. दाताच्या पोकळीत औषध भरण्याची कल्पना आपल्या वैद्यांना परकी नव्हती, हे अभिमानाने सांगावं.

हा अभिमान कुठवर न्यायचा, याचा धडा हळदीच्या पेटंटने दिला आहे. जखम भरून काढण्यासाठी हळद वापरण्याचं पेटंट १९९५ मध्ये अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मिळालं. त्याला आव्हान दिलं गेलं तेव्हा वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचं नेतृत्व माशेलचे डॉ. रघुनाथ माशेलकर करत होते. परिषदेने जुने ग्रंथ आणि १९५३ सालचा एक भारतीय शोधनिबंध पुढे ठेवला आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झालं. प्रत्येक मराठी माणसाची मान उंचावणारी ही घटना. पण तिथे सिद्ध काय झालं? हळदीचा हा वापर आपल्याला आधीपासून ठाऊक होता, हे. हळद किती प्रमाणात, कोणत्या जखमेवर, किती गुण देते, हा त्या वादाचा प्रश्नच नव्हता. जुनेपण हा मालकीचा पुरावा होऊ शकतो. दाढेच्या मुळातल्या जंतूंविरुद्ध गुणाचा पुरावा वेगळाच द्यावा लागतो.

तो पुरावा जमवायला सुरुवात झाली आहे. २००८ मध्ये नोनीचा, म्हणजे आपल्या बारतोंडीचा रस काढलेल्या दातांत द्रावण म्हणून वापरून पाहण्यात आला आणि ईडीटीएच्या जोडीने तो भिंतीवरचा भुशाचा थर काढण्यात हायपोक्लोराइटच्या तोडीचा ठरला. २०१० मध्ये भारतीय संशोधकांनी दातावर वाढवलेल्या एन्टरोकॉकसच्या बायोफिल्मवर त्रिफळा, हिरव्या चहातली पॉलिफेनॉल्स, एमटीएडी नावाचं अँटिबायोटिकयुक्त द्रावण आणि पाच टक्के हायपोक्लोराइट यांची तुलना केली. सर्वांत प्रभावी हायपोक्लोराइटच ठरलं. पण त्रिफळा आणि चहानेही लक्षणीय काम केलं. कडुनिंब, हळदीतलं कर्क्युमिन, ज्येष्ठमध, तुळस, कोरफड यांवरही पुष्कळ प्रबंध झाले. बेंगळूरुचं राजीव गांधी आरोग्यविज्ञान विद्यापीठ १९९६ मध्ये सुरू झालं. त्याच्या छत्राखालच्या दंत महाविद्यालयांतही या विषयावर काम झालं आहे. आपल्या मुलामुलींनी हे काम हाती घेतलं, याचा मला आनंद आहे.

पण वाचणाऱ्याने एक गोष्ट नीट पाहावी: चाचणी कशावर झाली? सर्वांत सोपी चाचणी काचेच्या थाळीतली. आगरवर, म्हणजे जंतू वाढवण्याच्या जेलीवर, जंतू पसरायचे, त्यात विहिरीसारखे छोटे खड्डे पाडून औषधं घालायची आणि दुसऱ्या दिवशी भोवतीचं स्वच्छ वर्तुळ पट्टीने मोजायचं. ज्याचं वर्तुळ मोठं, ते औषध सरस. यात मोठी फसगत आहे. वर्तुळाचा व्यास औषध जंतू किती मारतं यावर जितका, तितकाच ते आगरमध्ये किती पसरतं यावर अवलंबून असतो. कॅल्शियम हायड्रॉक्साइड विरघळतं कमी, पसरतं सावकाश, आणि आगर त्याची अल्कली शोषून घेतं. त्याचं वर्तुळ इवलंसं राहतं. पाण्यासारखा पातळ अर्क सहज पसरतो आणि मोठं वर्तुळ काढतो. अर्क अल्कोहोलमध्ये काढलेला असेल तर जंतू अर्काने मेले की अल्कोहोलने, हे पाहायला नुसत्या अल्कोहोलचाही खड्डा हवा. तो नसेल तर निष्कर्षाला अर्थ नाही. ‘वनौषधी रसायनापेक्षा सरस’ असा मथळा वाचला की आधी विचारा: थाळीत, की दातात?

दुसरी अडचण खुद्द औषधीची. त्रिफळेतला हिरडा कुठल्या जंगलातला, कोणत्या ऋतूत तोडलेला, किती दिवस साठवलेला, यावर त्यातली टॅनिन्स बदलतात. पुण्यातलं काष्ठौषधींचं दुकान असो की बेंगळूरुच्या बाजारातली ग्रंथिगे अंगडी, एका पुडीतला गुण दुसऱ्या पुडीत भरेलच याची हमी नाही. कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, आणि हळदीचा रंग दाताला लागला तर पुढच्या दातांत ते चालणार नाही. घरी केलेल्या काढ्यात स्वतःचेच जंतू असू शकतात. औषधी अर्क प्रमाणित करणं, त्यातलं मुख्य द्रव्य मोजणं, तो निर्जंतुक ठेवणं, ही कामं कंटाळवाणी आहेत. पण हिरड्याला हिरडा म्हणून न्याय तीच देतात.

म्हणून या पुस्तिकेत मी प्रत्येक औषधाला, मग ते कुठल्याही घराण्याचं असो, एकाच पायऱ्यांवरून चालवलं आहे. सुटे जंतू मारतं का? बायोफिल्म मोडतं का? काढलेल्या दाताच्या नलिकांत शिरतं का? मुळाभोवतालच्या जिवंत पेशींना इजा न करता हे जमतं का? आणि शेवटची पायरी: रुग्णाच्या दातात ते वापरल्यावर वर्षाने काढलेल्या एक्स-रेमध्ये मुळाच्या टोकाशी हाड भरून आलेलं दिसतं का? हाड भरायला कधी कधी चार वर्षंही लागतात. बहुतेक वनौषधी दुसऱ्या-तिसऱ्या पायरीवर थांबल्या आहेत. त्या पुढे जाऊ शकणार नाहीत असं नाही. त्यांना पुढे नेणारं काम फार थोडं झालं आहे. एमडीएसच्या विद्यार्थ्याला तीन वर्षांत प्रबंध संपवायचा असतो, आणि हाड भरण्याची वाट पाहायला तेवढा वेळ पुरत नाही. म्हणून एकाने सुरू केलेल्या रुग्णांचा पाठपुरावा पुढच्याने करावा, महाविद्यालयांनी एकच प्रमाणित अर्क घेऊन एकत्र चाचण्या कराव्यात, आयुर्वेदाच्या द्रव्यगुणाचे जाणकार पहिल्या दिवसापासून सोबत असावेत. असं झालं तर दहा वर्षांत चित्र बदलेल.

ही पुस्तिका रुग्णांच्याही हाती पडणार आहे, म्हणून काही गोष्टी स्पष्ट सांगते. दाढेत लसूण, पानाचा चुना किंवा निखळ लवंगेचं तेल कोंबू नका. चुन्याने आणि तेलाने हिरडी भाजते. भुईरिंगणीच्या बियांची धुरी घेतल्याने दातातले किडे पडतात असं अजूनही काही घरांत मानतात. दातात किडे नसतात, असतात ते डोळ्यांना न दिसणारे जंतू. ठणका आपोआप थांबला तर निर्धास्त होऊ नका, बहुधा आतली नस मेलेली असते आणि जंतूंना मोकळं रान मिळालेलं असतं. सूज जबड्याखाली, गळ्याकडे उतरली, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होऊ लागला, तर घरगुती उपायांत एक तासही न दवडता रुग्णालय गाठा. हा संसर्ग जिवावर बेतू शकतो. त्रिफळेच्या काढ्याने गुळण्या करायच्या असतील तर जरूर करा, पण हिरड्यांसाठी. मुळाच्या आतवर गुळणी पोचत नाही.

आणि डॉक्टरांना विचारा. रबर डॅम लावणार का? कोणतं द्रावण, किती टक्क्यांचं? मध्ये कोणतं औषध भरणार आणि किती दिवस? ते काढून पक्की भरणी कधी? हे प्रश्न मराठीत नेमकेपणाने विचारता यावेत, म्हणूनच परप्रांतात राहून मी हे मराठीत लिहिलं. संमतीपत्रावर सही करताना माणसाला आपल्या दातात काय जाणार आहे ते कळलं पाहिजे. ते कळणं हा त्याचा हक्क आहे, आणि हा हक्क त्याच्या स्वतःच्या भाषेत सर्वांत नीट बजावता येतो.

माझ्या तरुण सहकाऱ्यांना एवढंच सांगणं आहे. आपल्या वनौषधींवर प्रेम असेल तर त्यांची परीक्षा सौम्य ठेवू नका. थाळीतल्या वर्तुळावर त्यांचा जयजयकार करणं म्हणजे पुढच्या खऱ्या परीक्षेचं दार त्यांच्या तोंडावर बंद करणं. ज्या दिवशी एखादा प्रमाणित अर्क शेवटची पायरी चढून येईल, त्या दिवशी मी तो कोणतीही खळखळ न करता माझ्या रुग्णाच्या दातात भरीन. तोवर ज्याची ताकद आणि मर्यादा दोन्ही मोजलेल्या आहेत, तेच औषध भरणं मी माझं कर्तव्य मानते.

सर्जापूर रोड, बेंगळूरु